जैवऊर्जेचा कच्चा माल : ठाणे-कल्याण परिसराचा अनुभव

मुंबईतील माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या वसतिगृहात १८९७ साली मैलापाण्यापासून निघणारा वायू साठवून त्यावर दिवे लावण्यात आले होते. पुढे स्वातंत्र्योत्तर काळात गोबरगॅसचे संयंत्र खादी व ग्रामोद्योग आयोगामार्फत खेडोपाडी गेले. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीजवळच्या गोपुरीत मैला, शेण व खत यांची सांगड घालण्याचे प्रयोग केले. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेने खरकट्यावर चालणारे घरगुती संयंत्र तयार केले व त्याला २००६ साली आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. सव्वाशे वर्षांच्या या वाटचालीत सेंद्रिय पदार्थांपासून इंधनवायू कसा करावयाचा, हा प्रश्न बहुतांशी सुटलेला आहे. टाकीत रोज काय घालावयाचे, ते कोठून येणार, कोण आणणार, आणि वर्षातील कोणत्या महिन्यांत ते मिळणार नाही, या प्रश्नांकडे मात्र बहुधा उद्घाटनाच्या फीत कापून झाल्यावर लक्ष दिले जाते.

कोळशाची खाण एका जागी असते आणि तेथून निघणारा कोळसा बारमाही सारखाच असतो. जैव पदार्थांचे तसे नाही. ते शेतात, खळ्यावर, गोठ्यात, बाजारात व हजारो स्वयंपाकघरांत विखुरलेले असतात. ओले असतात, हलके असतात, लवकर कुजतात, आणि हंगामाप्रमाणे कमीजास्त होतात. साखर कारखान्यात उसाच्या चिपाडापासून वीजनिर्मिती यशस्वी झाली, याचे मुख्य कारण असे की, तेथे इंधन गोळा करावेच लागत नाही. ऊस साखरेसाठी येतो आणि चिपाड आपोआप कारखान्याच्या दारात पडते. अन्यत्र मात्र या दाराशी पोचवण्याच्या कामावरच सारा खर्च आणि सारे यश अवलंबून असते. पदार्थ जेथे निर्माण होतो तेथपासून संयंत्रापर्यंत, आणि तेथून उरलेले खत परत जमिनीपर्यंत, जी साखळी जावयाची तिचे आधी नियोजन न केल्यास काय होते, हे ठाणे जिल्ह्याच्या या पट्ट्यात जवळून पाहावयास मिळते. येथे एका बाजूस दाट वस्तीची शहरे आहेत आणि तीस-पस्तीस किलोमीटरवर मुरबाड-शहापूरची भातशेती व जंगल आहे.

आधारवाडीचा डोंगर

कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८३ रोजी अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात होती. शहराचा कचरा कित्येक वर्षे उल्हास खाडीच्या काठी आधारवाडी येथे टाकला जात असे. एकावर एक थर चढत तेथे डोंगरच तयार झाला. ओला व सुका कचरा एकत्र दाबला गेला की आतील थरांना हवा मिळत नाही. हवेविना वाढणारे जिवाणू अन्नपदार्थांचे विघटन करतात व मिथेन वायू सुटू लागतो. संयंत्राच्या टाकीत हीच क्रिया बंदिस्त रीतीने घडवून आणली जाते. म्हणजे ज्या वायूवर चुली पेटावयाच्या, तोच आधारवाडीच्या डोंगरातून मोकळा सुटत होता. उन्हाळ्यात त्यास आग लागे. मार्च २०१८ मधील आग अनेक दिवस धुमसत राहिली आणि कल्याण पश्चिमेतील रहिवाशांनी ते दिवस दारे-खिडक्या लावून काढले.

हा प्रश्न केवळ आरोग्यापुरता राहिला नव्हता. घनकचऱ्याच्या व्यवस्थेअभावी मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली. ही मनाई पुढील वर्षी उठली. कचऱ्याचा हिशेब न जमल्यामुळे एका महानगराची वाढ थांबवावी लागते, ही गोष्ट नगर प्रशासनात काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

याच सुमारास ओल्या कचऱ्यापासून वायुनिर्मिती करण्याच्या योजना पुढे आल्या. उंबर्डे व आयरे येथे दररोज दहा-दहा टन ओला कचरा पचवू शकतील असे प्रकल्प महानगरपालिकेने उभारले. टाक्या बांधून झाल्या, यंत्रे आली. तथापि या यंत्रांना चालेल असा निवडलेला ओला कचरा पुरेशा प्रमाणात येईना. शहरात रोज सहाशे टनांच्या घरात कचरा निर्माण होत असताना दहा टनांच्या प्रकल्पाला कचरा कमी पडावा, हे वरकरणी विचित्र वाटते. परंतु प्लॅस्टिकची पिशवी, नारळाची करवंटी, चिंध्या, काचेचे तुकडे आणि भाजीचा देठ असे सारे एकत्र आलेले कचऱ्याचे ढीग संयंत्राच्या दृष्टीने कच्चा माल ठरतच नाहीत.

दहा टन म्हणजे किती घरे ?

भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ पद्धतीचे उदाहरण घेतले म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. या पद्धतीचे संयंत्र माथेरानसारख्या ठिकाणीही उभारण्यात आले. तीत ओला कचरा प्रथम पाण्याबरोबर दळून त्याचा पातळ काला करतात. हा काला पहिल्या टाकीत जातो. तेथे त्यात हवा सोडली जाते व सूर्यशक्तीवर तापवलेले पाणी मिसळले जाते. उष्ण वातावरणात वाढणारे जिवाणू चार-पाच दिवसांत त्यातील अवघड घटक फोडतात. नंतर तो मुख्य पाचक टाकीत जातो आणि तेथे हवेविना त्याचा वायू होतो. दळण्याच्या यंत्रात हाड, करवंटी किंवा लोखंडाचा तुकडा गेला की पाती मोडतात. दोरा अथवा चिंधी गेली की ती फिरत्या दांड्याभोवती गुंडाळली जाते. प्लॅस्टिक टाकीवर तरंगत राहून साय धरावी तसा थर धरते व वायूची वाट अडवते. गोठ्यातील गाय न खाण्याजोगे तोंडाने बाजूला सारते. यंत्राला ती सोय नाही. निवड त्याआधीच, म्हणजे घरात, व्हावी लागते.

आता हिशेब पाहू. शहरी माणसामागे दिवसाला सुमारे दोनशे ते अडीचशे ग्रॅम ओला कचरा धरला, तर दहा टनांसाठी चाळीस ते पन्नास हजार माणसांचा कचरा लागतो. ही दहा-बारा हजार स्वयंपाकघरे झाली. तेवढ्या घरांत रोज सकाळी दोन डबे वेगळे ठेवले गेले पाहिजेत, आणि घंटागाडीतही ते वेगळेच राहिले पाहिजेत. वास्तविक पुष्कळ ठिकाणी साखळी तुटते ती येथेच. गृहिणीने वेगळा केलेला कचरा गाडीवाला एकाच हौद्यात ओततो असे एकदा दिसले की, दुसऱ्या दिवसापासून तिच्या घरात एकच डबा राहतो. म्हणून गाड्यांची रचना, फेऱ्यांच्या वेळा आणि कामगारांचे शिक्षण यांवरचा खर्च संयंत्राच्या अंदाजपत्रकातच धरला पाहिजे. तो सफाई खात्याचा वेगळा विषय समजणे ही नियोजनातील मूळ चूक होय.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वर्गीकरण बंधनकारक केले होते. तरीही नियम आणि सवय यांत अंतर राहिलेच. मे २०२० मध्ये महानगरपालिकेने ‘शून्य कचरा’ मोहीम हाती घेतली. ओला कचरा रोज व सुका कचरा ठराविक वारीच नेण्याचे, आणि वेगळा न केलेला कचरा न उचलण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. टाळेबंदीच्या दिवसांत असे कठोर पाऊल उचलणे सोपे नव्हते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले या लहान नगरपरिषदेने कचऱ्याचे बारकाईने वर्गीकरण करून आपली क्षेपणभूमी सहलीला जाण्यासारखी केली होती, तो अनुभव पाठीशी होता. वर्षभराने, मे २०२१ मध्ये, आधारवाडीवर नवा कचरा टाकणे थांबवण्यात आले.

घरांच्या तुलनेने बाजाराचा कचरा मिळवणे सुलभ आहे. कल्याणच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात भाजीपाला व फुले येतात. तेथील पाला, सडकी भाजी व न खपलेली फुले एकाच जागी, पहाटेच, आणि पुष्कळशी निर्भेळ अशी मिळतात. उपाहारगृहे, मंगल कार्यालये व वसतिगृहे यांचे खरकटेही तसेच. नव्या संयंत्राने पहिली काही वर्षे अशाच मोजक्या, खात्रीच्या ठिकाणांशी लेखी व्यवस्था करून आपली टाकी चालू ठेवावी, आणि घरगुती कचरा हळूहळू वाढवावा, हा मार्ग व्यवहार्य दिसतो. मात्र बाजारालाही हंगाम असतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झेंडूचे ढीग येतात, गणेशोत्सवात निर्माल्य येते. मिळाले म्हणून दुप्पट माल एकदम टाकीत घातला तर आम्लाचे प्रमाण वाढते, मिथेन तयार करणारे जिवाणू मंदावतात आणि वायू बंद होतो. टाकी आंबली असे चालक म्हणतात. ती पूर्ववत होण्यास आठवडे लागतात. ताजे शेण घालून, चारा कमी करून ती हळूहळू ताळ्यावर आणावी लागते. सणाचा जादा माल खतखड्यांकडे वळवण्याची सोय आधीच हवी ती यासाठी.

एवढे करून मिळते काय ? निवडलेल्या ओल्या कचऱ्याच्या एका टनापासून साधारणतः साठ ते ऐंशी घनमीटर वायू मिळतो. दहा टनांचा वायू घरगुती गॅसच्या अठरा ते चोवीस सिलिंडरांइतका होईल, किंवा त्यापासून हजार-बाराशे युनिट वीज निघेल. त्यातलीही काही संयंत्रच वापरील. शहराच्या विजेच्या गरजेपुढे हा आकडा नगण्य आहे. ‘कचऱ्यातून शहर उजळेल’ अशा घोषणा ऐकताना हे प्रमाण लक्षात ठेवावे. दहा टनांच्या संयंत्राचा मोठा लाभ असा की, रोजचे दहा टन आधारवाडीसारख्या ढिगावर जात नाहीत.

पेंढ्याला मालक आहेत

शहराबाहेर गेले की, निराळाच प्रश्न उभा राहतो. केंद्र शासनाच्या २०१८ च्या ‘सतत’ योजनेपासून शेतातील अवशेषांपासून दाबित वायू तयार करण्यास चालना मिळाली. औष्णिक केंद्रांत कोळशाबरोबर जैव इंधनाच्या गोळ्या जाळण्याविषयीचे सुधारित धोरण ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर झाले. भुसा, तूस व पेंढा दाबून केलेल्या कांड्यांना कारखानदारीत ‘पांढरा कोळसा’ म्हणतात. बॉयलर चालवणाऱ्या उद्योगांत त्यांना मागणी असते. अशा मागणीच्या अहवालांत शेतातील पेंढा ‘वाया जाणारा’ असे लिहिलेले आढळते. पंजाबात यंत्राने कापणी झाल्यावर उरलेला पेंढा शेतात जाळला जातो, तेथे ते खरे आहे. मुरबाड-शहापूरच्या भातशेतीत तसे नाही.

येथे भाताचा पेंढा हा गुरांचा उन्हाळी चारा आहे. गवत कापून, दाबून वखारींत भरले जाते व शहरांच्या तबेल्यांकडे जाते. कोकणपट्टीतील हा जुना व्यापार आहे. भाताचे तूस गिरणीवाला विकतो किंवा वीटभट्टीला देतो. राहिला पालापाचोळा व झाडांच्या डहाळ्या. त्यांवर राबाचा हक्क आहे. ठाणे जिल्ह्यात भाताचे रोप टाकण्याच्या जागी शेण, डहाळ्या, पाला, गवत व माती यांचे थर रचून पावसाआधी ते भाजतात. त्यामुळे तण मरते आणि रोप जोमाने येते. ही पद्धत इतकी महत्त्वाची होती की, इंग्रजी अमलात वनखात्याने झाडांच्या डहाळ्या तोडण्यावर निर्बंध घातले तेव्हा ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोठा असंतोष माजला आणि १८८५ साली नेमलेल्या वन आयोगापुढे राबाचा प्रश्न प्रामुख्याने आला. कृषी विभागाने राब न भाजता रोपे तयार करण्याच्या पद्धती शेतकऱ्यांपुढे ठेवल्या आहेत. त्या जेथे रुजल्या असतील तेथेच काही पाला मोकळा होईल; इतरत्र तो मोकळा आहे असे गृहीत धरता येणार नाही.

आकडे घालून पाहिल्यास अडचण दिसू लागते. जैव पदार्थ जाळून वीज करणाऱ्या एक मेगावॉटच्या केंद्राला युनिटमागे सव्वा ते दीड किलो सुके इंधन लागते. वर्षाला ते सुमारे नऊ हजार टन होते. हेक्टरी अडीच टन पेंढा आणि त्यातील चारा वजा जाता पाचवा हिस्सा, म्हणजे अर्धा टन, खरोखर मोकळा आहे असे मानले, तरी एका मेगावॉटसाठी अठरा हजार हेक्टरांवरून पेंढा गोळा करावा लागेल. दहा मेगावॉटचे केंद्र या जिल्ह्यात सुचवणाऱ्याने हा गुणाकार स्वतः करून पाहावा. तेवढा माल ओढू लागले की पेंढ्याचा भाव चढतो. भाव चढला की विकणाऱ्याला चार पैसे मिळतात हे खरे; परंतु ज्याच्याकडे दोन गुरे आहेत पण जमीन नाही, त्याला चारा विकत घेणे परवडत नाही. आणि पेंढा मिळेनासा झाला की, केंद्राच्या आवारात लाकूड येऊ लागते. मुंबईच्या सरपणाचा व कोळशाचा भार ठाण्याच्या जंगलांनी पूर्वी सोसलेला आहे. कोळशाच्या भट्ट्यांवर उचल घेऊन राबणाऱ्या कातकरी कुटुंबांनी त्याची किंमत मोजली आहे. नव्या नावाने तीच वाट पुन्हा पडू नये म्हणून इंधनाच्या प्रत्येक गाडीची नोंद, माल कोणत्या गावचा व कशाचा आहे यासह, केंद्राने ठेवणे आणि ती गावास पाहावयास मिळणे अगत्याचे आहे.

शहापूर तालुका व मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्याने व २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील अधिकार ग्रामसभेकडे व वनहक्कधारकांकडे आला आहे. तेव्हा पाला, काटक्या किंवा गवत नेण्याचा करार गावातील एखाद्या ठेकेदाराशी करून भागणार नाही. किती माल, कोणत्या महिन्यांत, कोणत्या भावाने आणि गावाच्या चाऱ्यासाठी किती राखून, हे ग्रामसभेपुढे मांडावे लागेल. पंचायत सदस्यांना या कामी शाळेची मदत घेता येईल. गावात किती गुरे, त्यांना उन्हाळ्यात किती पेंढा, किती घरांत चूल व किती घरांत गॅस, एवढी पाहणी वरच्या वर्गातील विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली सहज करू शकतात. मुंबईत बसून केलेल्या अंदाजापेक्षा ती अधिक विश्वसनीय ठरेल.

पावसाळ्याचे चार महिने

भाताची कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. झोडणी आटोपल्यावर पेंढा हाती येतो आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाला की सुके काही मिळत नाही. संयंत्र मात्र बारा महिने चालावयाचे असते. एक मेगावॉटच्या केंद्राला पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी तीन हजार टनांचा साठा हवा. मोकळा पेंढा अतिशय हलका असतो; एका घनमीटरात सत्तर किलोच्या आसपास मावतो. पाच मीटर उंचीच्या गंजी रचल्या तरी दोन एकरांहून अधिक जागा लागेल, तीही छपराखाली. कोकणातील पावसात उघडी गंजी टिकत नाही. ओलसर पेंढा आतून तापतो, कुजतो, क्वचित पेटही घेतो. वाहतुकीचेही तसेच : दहा टनांचा ट्रक मोकळ्या पेंढ्याने भरला तर त्यात जेमतेम अडीच टन बसतो आणि भाडे पुऱ्या ट्रकचे पडते. त्यामुळे पेंढा शेताजवळच दाबून गाठी किंवा कांड्या करणे हे पहिले काम ठरते. असे दाबयंत्र भात गिरणीच्या आवारात बसवले तर तूस तेथेच मिळते, वीज व छप्पर आधीपासून असते आणि हंगामानंतर गावातच मजुरी निर्माण होते. वीटभट्ट्यांकडे होणारे स्थलांतर एकट्या दाबयंत्राने थांबेल असे नाही. काही कुटुंबांना मुलांची शाळा न सोडता दोन-तीन महिने काम मिळेल, एवढे मात्र म्हणता येते.

गोबरगॅसचा हंगाम याच्या उलट असतो. पावसाळ्यात गुरे गोठ्याशी राहतात आणि शेण हाती येते. उन्हाळ्यात ती रानोमाळ भटकतात. दोन घनमीटरच्या घरगुती संयंत्राला रोज पन्नास किलो शेण, म्हणजे चार-पाच मोठी जनावरे लागतात. जनावरे मोजताना पावसाळ्यातील शेणाचा नव्हे, तर मे महिन्यात गोठ्यात पडणाऱ्या शेणाचा हिशेब धरावा. बंद पडलेल्या अनेक संयंत्रांच्या बाबतीत हा एकच आकडा चुकलेला असतो.

मळीची परतवाट

वायू काढून घेतल्यावर टाकीतून बाहेर पडणारी मळी हे उत्तम खत आहे. नत्र, स्फुरद व पालाश ही द्रव्ये वायूबरोबर जात नाहीत, मळीत राहतात. दहा टनांच्या संयंत्रातून रोज बाहेर पडणारी ही पातळ मळी शहरात कोठे जिरवणार ? बागा आणि कुंड्या यांची गरज लवकर भागते. तिची जागा भातशेतीत व भाजीच्या मळ्यांत आहे. मुरबाडकडून पहाटे भाजी घेऊन येणारे टेम्पो माल उतरवून रिकामे परततात. सुकवून पोत्यांत भरलेले खत त्यांतून थोड्या भाड्यात जाऊ शकते. मळी पातळच न्यावयाची तर टँकरचा खर्च खताच्या किमतीपेक्षा जास्त होतो, म्हणून वाळवण्याचे वाफे संयंत्राच्या जागेतच धरले पाहिजेत आणि पावसाळ्यात त्यांवर छप्पर हवे.

शहरी कचऱ्याच्या खतासाठी खत नियंत्रण आदेश, १९८५ अन्वये मानके ठरलेली आहेत. जड धातूंची मर्यादाही त्यांत आहे. ती तपासणी प्रयोगशाळेत होईल. शेतकऱ्याची तपासणी मात्र निराळी असते. आवणीच्या दिवसांत बायामाणसे गुडघाभर चिखलात अनवाणी उभी राहून भात लावतात. खतातून आलेला काचेचा एक तुकडा पायात घुसला की, ते गाव पुन्हा शहराचे खत घेत नाही, मग ते फुकट दिले तरी. संयंत्राच्या शेवटच्या टोकाला बारीक चाळणी बसवण्याचा खर्च यासाठी करावयाचा. आणि ती काच ज्या घरातील डब्यात पडली त्या घरापर्यंत हे कारण पोचवावयाचे.